मी लावलेली धार

बायकोला मदत करायची, असं मी एका दुपारी ठरवलं आणि तिथेच सगळं चुकलं. (आमच्या घरात मी मदतीला निघालो की बाकीचे आधी मौल्यवान वस्तू उचलून ठेवतात. त्या दिवशी घरात बाकीचं कोणी नव्हतं.)

तिला मदतीची गरज होती का, तर नव्हती. तिने मागितली होती का, तर मुळीच नाही. पण मला उत्साह आला होता, आणि माझा उत्साह एकदा आला की त्याला आवरणारं माणूस जवळ असावं लागतं. ते माणूस म्हणजे बायको. ती नेमकी बाहेर गेली होती.

माझी बायको जुन्या पुस्तकांची बांधणी करते. आमच्या मागच्या खोलीत तिचं टेबल आहे, खळीची भांडी आहेत, दोऱ्याची रिळं आहेत आणि पुस्तकं दाबून ठेवायचा एक वजनदार प्रेस आहे. फाटकं, उसवलेलं पुस्तक त्या खोलीत जातं आणि पुन्हा माणसात आल्यासारखं होऊन बाहेर येतं. हे काम तिला तिच्या आत्याने रीतसर शिकवलं, छंद म्हणून नव्हे. तरीसुद्धा आमचे झाडून सगळे नातेवाईक तिला विचारतात, "काय गं, वेळ छान जातो ना?" ती हसून हो म्हणते. नंतर मात्र ती खळ जरा जास्तच जोरात घोटते.

म्हणून वाचनालयातून बोलावणं आलं तेव्हा ती दोन रात्री नीट झोपली नव्हती. तिथले जुने बाइंडर निवृत्त झाले होते. ग्रंथपाल बाईंनी तिचं काम कुठेतरी बघितलं होतं. त्यांनी सांगितलं, एक जुना मोठा नकाशांचा ग्रंथ आहे, त्याची चामड्याची पाठ आमच्यासमोर बसवून दाखवा. समितीला पसंत पडलं तर ती जागा तुमची. रंग जुळणाऱ्या चामड्याचा एकच तुकडा त्यांच्याकडे शिल्लक होता.

"एकदा ती जागा मिळाली ना," ती मला म्हणाली, "मग वेळ छान जातो का, असं कोणी विचारणार नाही."

हे ऐकून मला भरून आलं. आता मला भरून आल्यावर मी नुसतं बसून राहिलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

इथे माझी ओळख करून द्यायला हवी. मी पोलाद विकणाऱ्या एका कंपनीत बिलं करतो. कोणी विचारलं तर मात्र मी "मी पोलादात आहे" असं सांगतो. पोलादाच्या सगळ्या जाती मला तोंडपाठ आहेत. कशात कार्बन किती, कशात क्रोमियम किती, झोपेतून उठवून विचारा. (बायकोने एकदा विचारलं होतं. मी बरोबर सांगितलं आणि पुन्हा झोपलो.) प्रत्यक्ष पोलाद हातात घ्यायचा प्रसंग म्हणाल, तर स्टेपलर.

बायकोची चामडं तासायची सुरी आत्याकडून आलेली. आखूड, रुंद पात्याची, काळपट, डाग पडलेली, मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेली. आत्याने हयातभर ती वापरली आणि हात थरथरायला लागले तेव्हा हिच्या हातात दिली. मला त्या सुरीची लाज वाटायची. पोलादातल्या माणसाच्या घरात असलं डागाळलेलं पातं! म्हणून मागच्या वाढदिवसाला मी तिला एक लखलखीत स्टेनलेसची सुरी आणून दिली. ती "छान आहे" म्हणाली आणि पार्सलच्या दोऱ्या कापायला ठेवून दिली.

"अगं, ही कधी गंजणार नाही," मी म्हणालो.

"नाहीच गंजणार. पण मला हवी तेवढी बारीक धार हिला लागत नाही. लागली तरी चामड्यावर चार हात मारले की गेली."

"यात क्रोमियम आहे!"

"असू दे की. मी कुठे नको म्हणतेय त्याला?"

"आणि तुझी ती काळी?"

"ती साध्या पोलादाची आहे. पुसून, तेलाचा हात देऊन ठेवली नाही तर रात्रीत गंजते, नखरे फार. पण धार काय घेते, बघा!" असं म्हणून तिने एका कागदाची कड अशी तासली, की कागदाचे पदर सुटले.

मी हरलो, पण मला ते पटलं नाही. मला न पटता हरायची सवय आहे.

तर त्या दुपारी ती वाचनालयात चामडं बघायला गेली होती. दाखवायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. हत्यारं कापडात गुंडाळून टेबलावर तयार होती. रोज संध्याकाळी ती सुरी दगडावर पाणी घालून किती हळू हळू घासत बसते, ते मला आठवलं. आठवडाभर तेच चाललं होतं. मनात म्हटलं, बिचारी! या काळात इतकं घासत कोण बसतं? यंत्रं कशासाठी आहेत? मी गुंडाळी सोडली, सुरी काढली आणि शेजारी गेलो.

आमच्या शेजाऱ्यांना सगळी गल्ली खटपटे म्हणते. त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं आहे. त्यात एक विजेवर चालणारा ग्राइंडरही आहे, ज्यावर ते फाटकाच्या सळया घासतात.

"सुरी कसल्या पोलादाची आहे?" त्यांनी विचारलं.

"ते ठिणग्यांवरून कळतं," मी म्हणालो. हे मी कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलं होतं. "कार्बन जास्त असला की ठिणगी फुटते, तिला फांद्या येतात."

"मग बघूच या!"

त्यांनी बटण दाबलं. मी पातं टेकवलं. आणि खरोखर, काय ठिणग्या उडाल्या! फांद्याच फांद्या. खटपटे टाळ्या वाजवायचे बाकी होते.

"कार्बन भरपूर आहे हो!" ते ओरडले.

"मी म्हणालोच होतो!" मीही ओरडलो.

घोटाळा असा झाला, की आम्ही दोघं धार लावायचं विसरून ठिणग्या बघायला लागलो. त्या कमी झाल्या की मी जरा जोर द्यायचो. पातं हाताला चटका देत होतं, पण शास्त्रासाठी तेवढं सोसायला हवं, असं मला वाटलं. मग धारेच्या कडेला पिवळसर झाक आली. ती तपकिरी झाली, तपकिरीची जांभळी झाली आणि शेवटी एक सुरेख निळा पट्टा उमटला.

"अहो, ही निळी पडली," खटपटे जरा घाबरून म्हणाले.

मी घाबरलो नाही. कारण आमच्या कंपनीत निळ्या पोलादाच्या पट्ट्या येतात, आणि त्यांचं बिल साध्या पट्ट्यांपेक्षा मोठं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. बिल मोठं म्हणजे माल वरचा, एवढा सरळ हिशेब. त्या पट्ट्यांचं पुढे काय करतात, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"निळं पोलाद म्हणजे वरचा दर्जा," मी समजावलं. "आपण दर्जा वाढवला."

"फुकटात?"

"फुकटात."

मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून आम्ही दुसरी बाजूही निळी केली.

सुरी कापते का, हेही आम्ही बघितलं. (मी काही अगदीच बेजबाबदार नाही.) वर्तमानपत्राचा कागद सर्रकन कापला गेला. मनगटावरचे केसही उडाले. खटपट्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मी सुरी होती तशी गुंडाळून ठेवली आणि बायकोला काही सांगायचं नाही असं ठरवलं. वाचनालयात गुंडाळी सोडेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं होतं.

ते मी बघितलं.

मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो होतो. बाइंडिंगच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी होती. ग्रंथपाल बाई, समितीची चार गंभीर माणसं आणि काम सोडून बघायला आलेले वाचनालयातले बरेच जण टेबलाभोवती जमले होते. मी पुढची खुर्ची पकडली. बायकोने गुंडाळी सोडली, सुरी उचलली आणि ती थांबली. पातं तिने खिडकीकडे धरलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हसून अंगठा दाखवला.

"हिला धार कोणी लावली?" तिने अगदी हळू विचारलं.

"मी!" हे उत्तर समितीलाही ऐकू जावं अशा बेताने मी दिलं. "काल. मशीनवर."

"वा!" ग्रंथपाल बाई कौतुकाने म्हणाल्या. "म्हणजे दोघंही याच कामात का?"

"नाही, मी पोलादात आहे," मी सांगितलं. समितीतल्या एकाने मान डोलावली. मी खुर्चीत आणखी मागे टेकून बसलो.

बायकोने नखावर धार बघितली. धार होती. समोर समिती उभी, टेबलावर एकच तुकडा. दुसरी सुरी तिने आणली नव्हती, कारण आत्याची असताना तिला दुसरी कधी लागलीच नव्हती. तिने टेबलावरच्या सपाट दगडी पाटावर चामडं पसरलं आणि कड तासायला सुरुवात केली. पहिले काही हात झकास गेले. पातळ साली निघून वळत होत्या. मी आजूबाजूच्यांकडे बघून घेतलं.

मग आवाज बदलला. आधी सुळसुळ येत होता, तो खरखर यायला लागला. बायकोचा हात अडखळला. तिने पातं जरा आडवं केलं, पुन्हा टेकवलं, आणि धार चामड्याला पकडून ओढत गेली. टर्र असा आवाज झाला. कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत चामडं फाटलं होतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या क्षणी कळलं. पण ती पक्की फरशी होती. माझे कान तापले. मघाशी मान डोलावणारे गृहस्थ आता माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. आणि बायको? ती त्या सुरीकडे बघत होती. आजारी माणसाकडे बघतात तसं. माझ्यावर ती ओरडली असती तर मी सुटलो असतो.

"मला थोडा वेळ मिळेल का?" तिने ग्रंथपाल बाईंना विचारलं. "आणि आधीच्या बाइंडरांचं काही हत्यार असेल तर द्या."

खण उघडले गेले. एक सुरी सापडली, गंजून लाल झालेली. बायकोने ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "गंजलीय ना, मग चालेल. साधं पोलाद आहे." तिने पिशवीतून धारेचा दगड काढला, त्यावर पाणी शिंपडलं आणि घासायला लागली.

काहीतरी करावं म्हणून मी उठलो. "पाणी आणू का आणखी?"

"तुम्ही बसा," ती म्हणाली.

आमच्या संसारात ती मला 'तुम्ही बसा' असं पुष्कळदा म्हणाली आहे, पाहुण्यांकडे, दवाखान्यात, जेवताना. पण चारचौघांत, मान वर न करता, ते दोन शब्द जसे आले तसे पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही. मी बसलो. दगडावर सुरीचा आवाज, आणि पुढच्या रांगेत मी. पुढची खुर्ची पकडायची अवदसा मला का आठवली, याचा मी विचार करत होतो.

गंज गेला, पातं दिसलं, धार आली. ती चामडं तासायला लागली तेव्हा पुन्हा तो सुळसुळ आवाज आला. फाटलेल्या दोन्ही कडा तिने इतक्या पातळ केल्या की पलीकडचं बोट दिसावं. एकीवर दुसरी बसवली, मध्ये खळ लावली, हाडाच्या पट्टीने दाबत दाबत नेली. मग ते चामडं पुस्तकाच्या पाठीवर चढवलं आणि पुस्तक प्रेसमध्ये घातलं. काही वेळाने बाहेर काढलं तेव्हा ग्रंथपाल बाईंनी चष्मा लावला, फाटलं होतं तिथून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाल्या, "कुठे फाटलं होतं हो?"

"इथे."

"दिसत नाही."

समितीने आपापसात कुजबुज केली. मग बाई म्हणाल्या, "नवं चामडं चढवणारे पुष्कळ मिळतील. आमच्याकडची निम्मी पुस्तकं फाटलेलीच आहेत. आम्हाला असं सांधणारं माणूस हवंय. कधीपासून येता?"

बायकोने तोंडावर हात धरला. तिचे डोळे भरले. मी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी वाजवत नाही हे लक्षात आल्यावर थांबलो.

घरी जाताना मला एक विचार सुचला, आणि मला सुचलेला विचार तोंडावाटे बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. "म्हणजे बघ," मी म्हणालो, "एका अर्थी, ते चामडं फाटलं नसतं तर..."

तिने बघितलं. वाक्य मी गिळलं.

घरी आल्यावर तिने आत्याची सुरी माझ्यासमोर ठेवली. "ही निळी झालीय ना, म्हणजे मऊ झालीय. इतकी तापली की तिच्यातला कडकपणा गेला. धार दिसते, पण उभी राहत नाही, दुमडते."

"पण आमच्याकडे निळ्या पट्ट्या..."

"कशाच्या असतात?"

मी ऑफिसात फोन करून विचारलं. स्प्रिंगच्या असतात. वाकायच्या आणि पुन्हा सरळ व्हायच्या. म्हणून त्यांना मुद्दाम निळं करतात.

"मला कापणारी सुरी हवी होती हो," ती म्हणाली, "उड्या मारणारी नाही." हे विनोदाने म्हणाली असं मला वाटलं, म्हणून मी हसलो. मग बघितलं तर तिचा आवाज कापत होता. "आत्याचा हात होता हिच्यावर. तिने इतकी वर्षं घासून घासून जेवढी झिजवली नाही, तेवढी तुम्ही एका दुपारी घालवलीत."

मी चुकलो म्हणालो. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण वाईट वाटणं निदान दुसऱ्याला सांगता येतं. ती रात्री सुरी घेऊन बसली आणि निळा भाग दगडावर घासायला लागली. रोज थोडा थोडा. तो सगळा गेला तेव्हा पातं बोटभर अरुंद झालं होतं, पण ते पुन्हा आत्याचं झालं होतं.

मीही शेजारी बसायला लागलो. स्टेनलेसची सुरी घेऊन शिकलो. पाणी घालायचं, घाई करायची नाही, पात्यावर बोट ठेवून बघत राहायचं. बोटाला ऊब लागली की थांबायचं. ठिणगी एकही उडता कामा नये. मला ते हळूहळू जमायला लागलं. एकदा बायकोने माझी सुरी उचलून दोरी कापली आणि "हं" म्हणाली. त्या 'हं'वर मी आठवडा काढला.

आणि मग वाचनालयातून मला फोन आला. मला! ग्रंथपाल बाई स्वतः बोलत होत्या. तुमच्या मिसेस आता तीन मुलींना काम शिकवतात, म्हणाल्या, तर त्यांच्या सुऱ्यांना धार लावायला एकदा याल का?

मी बायकोला सांगितलं. "तू सुचवलंस ना?"

"मी नाही बाई," ती म्हणाली आणि घाईघाईने खळीचं भांडं धुवायला गेली.

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. झालं गेलं लोक विसरले, माझी मेहनत कुठूनतरी कानावर गेली, असं मी धरून चाललो. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तीन मुली उत्सुकतेने उभ्या होत्या, ग्रंथपाल बाई होत्या, खिडकीजवळच्या आपल्या टेबलावर बायको मान खाली घालून काम करत होती. मी सुऱ्या बघितल्या, साधं पोलाद आहे हे ओळखलं, दगडावर पाणी घातलं आणि सकाळभर जीव ओतून धार लावली. मग पहिल्या मुलीने चामडं तासलं. सुळसुळ. साल अशी निघाली की तिच्यातून खिडकी दिसत होती. दुसरीने तासलं, तिसरीने तासलं. कुठे अडकणं नाही, ओढणं नाही. मी अभिमानाने शर्टाची कॉलर सरळ केली.

मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मग तिघींनी ग्रंथपाल बाईंकडे.

"अहो, हे काय केलंत?" बाई म्हणाल्या.

"धार लावली."

"पण ही तर चांगली लागली!"

"हो ना!"

"आज फाटलेलं चामडं सांधायचा धडा होता हो. नेमकं त्या दिवशीसारखं फाटलेलं हवं होतं. तुम्ही येणार म्हणून मी दुसरी काही सोयच केली नाही."

खिडकीजवळ बायकोचे खांदे गदगदत होते. शेवटी मुलींपैकी सगळ्यात लहान होती तिने चामडं दोन्ही हातांत धरलं आणि टर्रकन मध्यापर्यंत फाडलं. ग्रंथपाल बाईंनी चष्मा लावून ते बघितलं आणि माझ्यापुढे धरलं.

"बघा," त्या समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "एवढंच हवं होतं तुमच्याकडून."